रॅपमधली टोळीबाजी आणि ऐकणारी पोरं: परिणाम नेमका कुणावर आणि कसा होतो?

मृदगंध

रॅपच्या व्हिडिओत बंदुका, तोंडावर मास्क, ठरावीक रंगाचे रुमाल, बोटांच्या खुणा या गोष्टी आता कुणाला नवीन नाहीत. त्यावरची चर्चाही जुनीच. १९८५ साली अमेरिकेत टिपर गोर वगैरे मंडळींनी कॅसेटवर इशारा छापायची मागणी लावून धरली (तेव्हा रोख जास्त करून रॉक आणि पॉपवर होता). १९८९ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने एनडब्ल्यूए या रॅप गटाच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं. त्यात १९८८ साली ७८ पोलीस कर्तव्यावर मारले गेल्याचा आकडा देऊन गाण्याबद्दल नाराजी कळवली होती. १९९४ साली अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या. २०१८ नंतर लंडनमध्ये ड्रिल या रॅपच्या उपप्रकारावरून तेच रामायण पुन्हा सुरू झालं.

दर वेळी प्रश्न एकच विचारला जातो, "ही गाणी पोरांना बिघडवतात का?" मला हा प्रश्न फार ढोबळ वाटतो. हेडफोन लावून लांबून ऐकणारा मुलगा, स्वतः गाणं करणारा मुलगा आणि ज्याच्या गल्लीचं किंवा मेलेल्या मित्राचं नाव त्या गाण्यात आलंय तो मुलगा, हे तीन वेगळे लोक आहेत. तिघांवर होणारा परिणामही वेगळा. आपण मात्र तिघांना एकाच पोत्यात घालतो आणि मग बंदी हवी की नको यावर भांडत बसतो.

इथे संगीत, शिक्षण, कायदा, युवककार्य या सगळ्यांतली जाणकार मंडळी आहेत. "मला वाटतं" याच्या पुढे जाऊन नेमकं काय माहीत आहे ते लिहा, ही विनंती.

खडूफळा

धागा चांगला आहे, पण तीन पोती केली म्हणून पहिलं पोतं रिकामं होत नाही. नुसतं ऐकण्या-बघण्याचाही परिणाम होतो, आणि तो मोजलेला आहे.

२००३ साली अँडरसन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पाचशेहून जास्त विद्यार्थ्यांवर पाच प्रयोग केले. हिंसक शब्दांची गाणी ऐकल्यानंतर मुलांच्या डोक्यात आक्रमक विचार आणि वैरभाव वाढलेला दिसला. त्याच वर्षी विंगूड आणि मंडळींचा अलाबामातला अभ्यास आला. १४ ते १८ वयाच्या ५२२ कृष्णवर्णीय मुली, एक वर्ष पाठपुरावा. रॅप व्हिडिओ जास्त बघणाऱ्या मुलींमध्ये शिक्षकावर हात उगारण्याचं प्रमाण तिप्पट, अटक होण्याचं अडीचपट. गाणी म्हणजे नुसती करमणूक, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

विदा_तपासनीस

खडूफळा, दोन्ही अभ्यास खरे आहेत. पण त्यांतून तुम्ही काढताय तेवढं निघत नाही.

अँडरसन यांच्या प्रयोगांतली हिंसक गाणी प्रामुख्याने रॉकची होती. मोजमाप गाणं संपल्या-संपल्या केलेलं होतं, म्हणजे तो तात्पुरता मूड. तो संध्याकाळपर्यंत टिकतो का, त्यातून कुणी कुणाला मारतं का, हे त्या प्रयोगांनी तपासलेलंच नाही. विंगूड यांचा अभ्यास जास्त दमदार, कारण वर्षभर पाठपुरावा केला आणि घरची परिस्थिती, आईवडिलांची देखरेख वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या. तरीही ज्या मुलीला मुळातच बंडखोरीची ओढ आहे ती तसले व्हिडिओ जास्त बघणार, ही शक्यता निरीक्षणाच्या अभ्यासात पूर्णपणे पुसता येत नाही.

आता मोठा पट बघा. अमेरिकेत १९९१ साली खुनाचा दर लाखामागे ९.८ होता. पुढच्या दहा वर्षांत टोळ्या-गुंडगिरीवरचं गँगस्टा रॅप घराघरांत पोचलं आणि २००० साली तो दर ५.५ वर आला. रॅपमुळे खून कमी झाले असं कुणी म्हणणार नाही. पण गाणी आणि खून हातात हात घालून वाढतात हा दावा इथेच लंगडा पडतो. लंडनमध्ये क्लाइनबर्ग आणि मॅकफार्लेन यांनी २०२० साली ड्रिलच्या शब्दांतली भावना आणि पोलिसांकडे नोंदलेले हिंसक गुन्हे शेजारी ठेवून बघितले. अर्थपूर्ण संबंध सापडला नाही. काळाबरोबर शब्द जास्त काळे होत गेलेत असंही दिसलं नाही.

अजून एक प्रयोग सगळ्यांना माहीत असायला हवा. १९९६ साली कॅरी फ्राइड यांनी 'किंग्स्टन ट्रायो' या लोकसंगीत गटाच्या जुन्या गाण्यातले शब्द घेतले. पोलिसाला गोळी घालणाऱ्या माणसाचं गाणं. काही लोकांना सांगितलं हे कंट्री आहे, काहींना सांगितलं हे रॅप आहे. शब्द तेच, पण रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटले. २०१६ साली दुसऱ्या गटाने हे पुन्हा करून बघितलं, तेव्हाही रॅपच्याच माथी मारलं गेलं. म्हणजे परिणाम मोजायच्या आधी मोजणाऱ्याचा चष्मा तपासायला हवा.

निशिगंध

विदा_तपासनीस यांना +१. वाचतेय.

ठेका१४०

संगीताच्या बाजूने थोडं, कारण बऱ्याच लोकांना तो ठेकाच हिंसक वाटतो.

यूके ड्रिल साधारण १४० बीट्स प्रति मिनिट. ड्रमसेटची हाय-हॅट झांज ३-३-२ अशा तुटक मोडणीत. स्नेअर ड्रम पहिल्या बारमध्ये तिसऱ्या ठोक्यावर, दुसऱ्या बारमध्ये चौथ्यावर, म्हणून सतत काहीतरी घसरल्यासारखं वाटतं. खाली ८०८ या ड्रम मशीनचा बेस एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जातो. वर मायनर स्केलमधला पियानो किंवा घंटा. अंगावर येतं ते या जुळणीमुळे. त्यात कुठलीही टोळी नाही. २०१९ च्या सुमारास हाच ठेका लंडनचा निर्माता ८०८मेलो याच्याकडून ब्रुकलिनचा रॅपर पॉप स्मोक याच्याकडे गेला. नंतर त्यावर प्रेमगीतं झाली, देवाची गाणी झाली.

दुसरा मुद्दा विक्रीचा. १९९१ च्या मे महिन्यात बिलबोर्ड या संगीत मासिकाने अल्बमची क्रमवारी दुकानदारांना फोन करून ठरवायचं सोडलं आणि साउंडस्कॅन यंत्रणेने बारकोडवरून मोजलेली खरी विक्री धरायला सुरुवात केली. काही आठवड्यांतच एनडब्ल्यूएचा नवा अल्बम पहिल्या क्रमांकावर. उपनगरांतल्या मॉलमधली विक्री तोवर कुणी नीट मोजलीच नव्हती. नुसतं ऐकून टोळ्या तयार होत असत्या तर त्या सगळ्या उपनगरांत टोळ्यांचे निळे-लाल रुमाल फडकायला हवे होते.

कोपरखळी

ठेका१४० यांचा प्रतिसाद हाताने टेबल बडवत वाचावा. त्याशिवाय चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर सापडत नाही. :)

खडूफळा

@विदा_तपासनीस, मूड तात्पुरता असतो हे मान्य. पण मुलगा दिवसातून एकदाच ऐकतो का? तात्पुरता मूड रोज चार तास असेल तर तो तात्पुरता राहत नाही.

@ठेका१४०, उपनगरातल्या मुलाचं उदाहरण सोयीचं आहे. त्याच्या कोपऱ्यावर टोळी नाही, म्हणून गाणं गाणंच राहतं. ज्याच्या कोपऱ्यावर आहे त्याचं बोला.

चौकटीबाहेर

खडूफळा यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. कोपऱ्यावर टोळी असते तेव्हा गाणं कसं वागतं, ते शिकागोच्या उदाहरणावरून सांगतो.

शिकागोच्या साउथ साइडला २०११-१२ च्या सुमारास ड्रिल फुटलं. तोवर गँगस्टर डिसायपल्स, ब्लॅक डिसायपल्स वगैरे मोठ्या संघटनांचे वरचे लोक तुरुंगात गेले होते आणि टोळी म्हणजे दोन-चार गल्ल्यांची पोरं असा मामला झाला होता. या छोट्या गटांची नावं बऱ्याचदा मेलेल्या मित्राच्या नावावरून पडलेली. पार्कवे गार्डन्स या वसाहतीला 'ओ ब्लॉक' म्हणतात ते २०११ साली मारल्या गेलेल्या ओडी पेरी या तरुणाच्या नावावरून. त्यामुळे अशा गाण्यात नुसतं एक अक्षर किंवा गल्लीचा नंबर आला तरी ऐकणाऱ्या एका गटाच्या घरात मयत झालेली असते.

बाहेरच्या माणसाला तोच व्हिडिओ दिसतो, पण निरोप दिसत नाही. समोरच्या गटाची बोटांची खूण उलटी धरली की अपमान. मेलेल्या मुलाचं नाव घेऊन "त्याला ओढतोय" असं धूर सोडत म्हणणं म्हणजे मृताची विटंबना, आणि सगळ्यात जास्त भडका यानेच उडतो. समोरच्यांच्या हद्दीत जाऊन तिथली पाटी मागे दिसेल असं चित्रण करणं हे उघड आव्हान. व्हिडिओखालच्या कमेंट्समध्ये हजारो अनोळखी लोक "आता उत्तर द्या" म्हणून काड्या घालतात. त्यांना रस्त्यावर उतरायचं नसतं. गाणाऱ्या पोराला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने शाळेत जायचं असतं.

शिकागोचा रॅपर लिल जोजो हे नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. अठरा वर्षांचा मुलगा. २०१२ साली विरोधी गटावर गाणं केलं, इंटरनेटवर जाहीर शिवीगाळ झाली, ४ सप्टेंबरला आपण कुठे आहोत ते ट्विटरवर लिहिलं आणि त्याच दिवशी सायकलवर असताना त्याला गोळ्या घातल्या. संशोधक डेस्मंड पॅटन यांनी पुढच्या वर्षी याच प्रकारच्या ऑनलाइन भांडणांवर लिहिलं. समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी साउथ साइडच्या ड्रिल करणाऱ्या पोरांबरोबर दीर्घकाळ राहून २०२० मध्ये जे मांडलं ते या धाग्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे. व्हिडिओतल्या बंदुका, गाड्या, नोटांच्या गड्ड्या बऱ्याचदा उसन्या असतात. गाण्यातले पराक्रम फुगवलेले असतात. लोकांना 'अस्सल' गुंड बघायचा असतो, व्ह्यूज त्याला मिळतात, म्हणून पोरं तसं दाखवतात. गोची पुढे होते. एकदा तसं दाखवलं की कुणीतरी ते तपासायला येतो, आणि त्याच्या हातातली बंदूक उसनी नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यात मोठा धोका ऐकणाऱ्याला नसून गाणाऱ्याला आहे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, कॅमेऱ्यात चेहरा आलेल्या चौदा वर्षांच्या पोराला आहे. त्याने गाणं लिहिलेलं नसतं, त्याला त्यातला निम्मा अर्थही माहीत नसतो. पण समोरच्यांच्या लेखी तो त्या दिवसापासून त्या गटाचा.

निशिगंध

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे कुठल्याच बातमीत येत नाही.

बोटांच्या खुणांवरून: २०१३ साली नॉर्थ कॅरोलायनात एक कर्णबधिर माणूस सांकेतिक भाषेत बोलत होता. ती टोळीची खूण समजून त्याला भोसकलं गेलं होतं. खुणा नुसत्या 'स्टाइल' म्हणून फोटोत करणाऱ्या मुलांना हे सांगायला हवं.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याच्या बाजूने एक चौथं पोतं जोडतो. गाण्याचा परिणाम गाणाऱ्याच्या खटल्यावर.

न्यू जर्सीत स्किनर नावाच्या माणसाच्या खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात सरकारी पक्षाने ज्युरीला त्याच्या वहीतली १३ पानं रॅप वाचून दाखवली. बरेचसे शब्द घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेले, त्या घटनेशी काही देणंघेणं नाही. शिक्षा झाली. २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली नाही, कारण त्या शब्दांनी पुरावा कमी आणि आरोपीबद्दल घृणा जास्त तयार केली होती. याच्या उलट पिट्सबर्गचा रॅपर जमाल नॉक्स. त्याने गाण्यात दोन पोलिसांची खरी नावं घेऊन मारण्याची भाषा केली, त्यांच्या कामाच्या वेळांचा उल्लेख केला. २०१८ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती खरी धमकी मानली. या दोन निकालांतला फरक मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे: काल्पनिक पात्राची फुशारकी आणि नाव-पत्ता असलेली धमकी.

कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा केला (अंमल १ जानेवारी २०२३ पासून). न्यायाधीशाने आधी ज्युरीच्या अपरोक्ष तपासायचं की हे शब्द खरंच काही सिद्ध करतात की नुसता पूर्वग्रह निर्माण करतात. जॉर्जियात मात्र रॅपर यंग थग आणि इतर मिळून २८ जणांवर मे २०२२ मध्ये जो टोळी-खटला भरला, त्यात गाण्यांच्या ओळी ज्युरीसमोर आल्याच. यंग थगने ऑक्टोबर २०२४ मध्ये गुन्हा कबूल केला, १५ वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

लंडनचा मार्ग वेगळा. जून २०१८ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्हच्या १०११ या ड्रिल गटावर न्यायालयाने आदेश बजावला. नवा व्हिडिओ टाकला की २४ तासांत पोलिसांना कळवायचं, कार्यक्रम असेल तर ४८ तास आधी तारीख-ठिकाण द्यायचं. जानेवारी २०१९ मध्ये स्केंगडो आणि एएम या दोन ड्रिल रॅपरना मनाईहुकूम मोडून गाणं सादर केलं म्हणून नऊ महिन्यांची निलंबित शिक्षा झाली. जून २०२१ ते मे २०२२ या वर्षभरात लंडन पोलिसांनी ड्रिलबाबत सोशल मीडिया आणि स्ट्रीमिंग कंपन्यांना २८६ विनंत्या केल्या, त्यातल्या २५५ मान्य होऊन मजकूर उतरवला गेला. हा आकडा बाहेर आला तो मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) हिच्या देखरेख मंडळाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात. मंडळाने तिथे चिंक्स ओएस या ड्रिल रॅपरचं गाणं काढणं चुकीचं ठरवलं.

माझा या सरसकट उतरवण्याला विरोध आहे. पण नाव घेऊन दिलेल्या धमकीला कलेचं कवच द्यायलाही विरोध आहे.

धूमकेतू

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. रॅपच्या चाहत्यांनाच टोळी ठरवल्याचं उदाहरण आहे. 'इन्सेन क्लाउन पॉसी' या गटाचे चाहते स्वतःला जगलो म्हणवतात, तोंडाला जोकरचा रंग लावतात, कुऱ्हाडवाल्या माणसाचं चिन्ह गोंदवतात. २०११ च्या राष्ट्रीय अहवालात एफबीआयने त्यांना 'ढिली बांधणी असलेली संकरित टोळी' म्हटलं. गटाने खटला भरला, हरले. सप्टेंबर २०१७ मध्ये चाहत्यांनी वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला.

याद्यांचा हा घोळ तिथेच संपत नाही. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या लेखापरीक्षकांनी पोलिसांची टोळीसदस्यांची यादी तपासली. त्यात नोंद होताना वय एक वर्षापेक्षा कमी असलेले ४२ 'सदस्य' निघाले, आणि त्यातल्या २८ जणांनी म्हणे आपण टोळीत असल्याचं कबूल केलं होतं.

कोपरखळी

बोबड्या बोलात कबुलीजबाब!

मृदगंध

हसू येतं खरं, पण अशा यादीत पंधरा वर्षांचा मुलगा गेला की नोकरीपर्यंत त्रास होतो. लंडनची तशीच यादी २०१८ मध्ये माहिती आयुक्तांनी कायदा मोडणारी ठरवली आणि २०२४ मध्ये ती बंद झाली.

आता गाडी रुळावर आणूया. घरात, वर्गात, युवक केंद्रात नेमकं काय करायचं? हे लिहा.

बटण_दाबा

आधी तांत्रिक बाजू, कारण पालकांचा सगळा भरवसा तिथे असतो आणि तो चुकीचा असतो.

स्पॉटिफायमध्ये 'एक्स्प्लिसिट' गाणी बंद करता येतात. पण ती खूण कलाकार किंवा कंपनी लावते, आणि ती मुख्यतः शिव्या आणि उघड शब्द बघून लागते. एकही शिवी न देता मेलेल्या मुलाची टर उडवणारं गाणं त्यातून आरामात सुटतं. 'क्लीन' आवृत्तीत शिवी आणि कधी बंदुकीचं नाव मूक केलेलं असतं, वाक्याचा अर्थ तसाच राहतो. उलट गाळलेली जागा भरायचा मुलांना नाद लागतो.

यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड व्हिडिओ लपवतो, पण तोच व्हिडिओ कापून दुसऱ्याने पुन्हा टाकला की तो दिसू शकतो. त्यापेक्षा उपयोगी काम शिफारशींवर करा. मुलाबरोबर बसून वॉच हिस्ट्री उघडा, खून-भांडणांची 'कहाणी' सांगणारे चॅनल शोधा, मग होम पानावर येणाऱ्या त्यांच्या व्हिडिओजवळच्या तीन ठिपक्यांतून 'हा चॅनल सुचवू नका' निवडा, ऑटोप्ले बंद करा. गाण्यांपेक्षा हे चॅनल जास्त विषारी आहेत. कुणी कुणाला मारलं याची गुणपत्रिका तेच मांडतात आणि अर्धी माहिती ऐकीव असते.

चोरून फोन तपासू नका. मुलगा दुसरं खातं काढतो आणि तुम्हाला दिसत होतं तेवढंही दिसेनासं होतं.

अंगणवाट

युवक केंद्रात रॅप लेखनाचे वर्ग घेतात, त्यांच्यासाठी लिहिते.

गट आठ ते दहा जणांचा, वेळ दीड तास. पहिल्या सत्रात रेकॉर्डिंग नाहीच, फोन टोपलीत. रेकॉर्ड झालेलं काहीही त्याच संध्याकाळी बाहेर जातं, आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. नियम चारच ठेवा आणि भिंतीवर लावा: खऱ्या माणसाचं नाव नाही, गल्ली-पोस्टकोड-नंबर नाही, मेलेल्याचा उल्लेख टिंगलीसाठी नाही, दुसऱ्या गटाची खूण नाही. शिव्यांवर बंदी घालू नका. शिव्यांवर भांडलात की वरचे चार नियम कुणी ऐकत नाही.

सुरुवातीची वीस मिनिटं एखादं गाणं कागदावर छापून ओळ-ओळ वाचा. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: हे घडलेलं, हे ऐकलेलं, हे फुगवलेलं, हे विकण्यासाठी. मुलं यात तरबेज असतात, पाच मिनिटांत फुगवलेल्या ओळी शोधून काढतात. मग सोळा ओळी लिहायला द्या, पण पात्र बदलून. बंदूकवाल्याच्या तोंडून न लिहिता त्याच्या बहिणीच्या, बसड्रायव्हरच्या, रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या नर्सच्या तोंडून. लेखन म्हणूनही हे अवघड आहे, त्यामुळे ज्याला खरंच चांगला रॅपर व्हायचंय तो इथे रमतो.

चुका कुठे होतात? दोन भागांतली मुलं न विचारता एका खोलीत बसवली जातात. कोण कुठल्या भागातलं हे आल्यावर नाही, नावं घेतानाच विचारा. दुसरी चूक, संस्थेला अहवालात टाकायला 'हिंसा सोडा' छापाचं गाणं हवं असतं. ते मुलांकडून लिहून घेतलं की मुलं पुढच्या आठवड्यात येत नाहीत. संदेशाचं गाणं चालतच नाही असं मात्र नाही. १९८९ साली केआरएस-वन या रॅपरच्या पुढाकाराने अनेक रॅपर एकत्र येऊन हिंसेविरुद्ध जे गाणं केलं, ते बिलबोर्डच्या नव्या रॅप यादीत पहिलं आलं होतं. कारण ते त्यांच्याच लोकांनी, त्यांच्याच भाषेत, चांगल्या ठेक्यावर केलं होतं.

विदा_तपासनीस

अंगणवाट, फार उत्तम. पण लेखनवर्गाने टोळीत जाणं थांबतं असं कुणी समजू नये.

सिएटलच्या दीर्घकालीन अभ्यासात दहा ते बारा वयातली जोखमीची कारणं मोजली होती: परिसरात सहज मिळणारे अमली पदार्थ, अभ्यासात मागे पडणं, घरातली विस्कळीत शिस्त, बिघडलेले सोबती वगैरे. सात किंवा जास्त कारणं असलेली मुलं टोळीत जायची शक्यता, एखादंच किंवा एकही कारण नसलेल्यांच्या तेरापट होती. हस्तक्षेप करायचा तर या जागी.

शाळेत चालणाऱ्या कार्यक्रमांत ग्रेट या १३ धड्यांच्या अभ्यासक्रमाची नीट यादृच्छिक चाचणी झालेली आहे. एका वर्षानंतर टोळीत जायची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी, चार वर्षांनंतर २४ टक्क्यांनी. आणि जे करू नये ते म्हणजे मुलांना तुरुंग दाखवून कैद्यांकरवी घाबरवणं. 'स्केअर्ड स्ट्रेट' पद्धतीच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा त्या मुलांत गुन्हे वाढलेले दिसले.

अंगणवाट

पूर्ण सहमत. वर्गाचं काम मुलाला टोळीपासून वाचवणं हे नाहीच. आठवड्यातून दीड तास एक खात्रीचा मोठा माणूस मिळणं आणि गाणं अंगाशी येऊ न देणं, एवढंच. ते थोडं नाही.

आणि धोक्याची लक्षणं गाण्याच्या यादीत शोधू नका. यूकेमध्ये ड्रग्जच्या 'काउंटी लाइन्स'साठी (शहरातून लहान गावांत माल पोचवणारी टोळ्यांची जाळी) मुलं वापरली जातात, तिथे बघायच्या गोष्टी या: वयाने बरेच मोठे नवे मित्र, दोन-तीन फोन, न परवडणारे बूट-कपडे, घरून रात्र-रात्र गायब, दूरच्या गावाची रेल्वेची तिकिटं, अंगावर न सांगितलेल्या जखमा. यातलं काही दिसलं आणि कपाटात एकही रॅप गाणं नसलं तरी धोका खरा आहे. यातलं काहीच नाही आणि मुलगा दिवसभर ड्रिल ऐकतोय, तर त्याला ड्रिल आवडतं.

खडूफळा

इतकं वाचल्यावर एवढं मान्य करते की टोळीत जाण्याचं कारण म्हणून गाण्याकडे बोट दाखवणं चूक. पण माझा मूळ आक्षेप शिल्लक आहे. या व्हिडिओंत मुली कशा दिसतात? मागे नाचणाऱ्या, किंवा "शस्त्र सांभाळणाऱ्या". विंगूड यांचा अभ्यास मुलींवरचा होता हे इथे कुणी फारसं उचललं नाही. सगळी चर्चा मुलग्यांच्या गोळ्यांवर. एखाद्या मुलीला कुणाची तरी 'वस्तू' सांभाळून ठेवणं हे निष्ठेचं लक्षण वाटायला लागलं तर त्यात चित्रांचा वाटा काहीच नाही, हे मला पटत नाही.

चौकटीबाहेर

खडूफळा, हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. अंगणवाट यांच्या छापील गाण्याच्या पद्धतीत अजून एक खूण जोडावी: या ओळीत मुलगी आहे का, आणि ती काही बोलते का? शस्त्र सापडलं तर ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर गुन्हा लागतो, ज्याने ठेवायला दिलं तो बऱ्याचदा नामानिराळा राहतो. हे मुलींना सरळ शब्दांत सांगितलं पाहिजे.

निशिगंध

एक थेट प्रश्न. मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर असा व्हिडिओ फिरतोय ज्यात त्याच शाळेतल्या एका मुलाच्या मेलेल्या भावाचं नाव आहे. पालकांनी काय करावं?

अंगणवाट

पुढे पाठवू नका, "हे बघा किती भयंकर" म्हणूनसुद्धा नाही. आपल्या मुलाला ग्रुपवर हसण्याची इमोजी टाकू नको म्हणून सांगा, आणि टाकली असेल तर ती काढायला लावा. अशा वेळी कोण हसलं हे लक्षात ठेवलं जातं. व्हिडिओचा दुवा, टाकणाऱ्याचं खातं, तारीख-वेळ लिहून ठेवा. कुणी काय म्हटलं त्याचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर ते पुसलं जातं.

मग शाळेतल्या एकाच ठरलेल्या माणसाशी बोला. यूकेत प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला वरिष्ठ कर्मचारी नेमलेला असतो. पहिली मागणी व्हिडिओ उतरवण्याची नको. ज्या मुलाच्या भावाचं नाव आलंय त्याच्या घरी आज कोण जाणार आणि उद्या शाळा सुटल्यावर तो कुठल्या वाटेने, कुणाबरोबर जाणार, हे आधी ठरवायला लावा. व्हिडिओची तक्रार त्यानंतर.

कलम_आणि_पोटकलम

अंगणवाट यांच्यात एक भर. व्हिडिओत वेळ, ठिकाण किंवा नाव घेऊन मारण्याची भाषा असेल तर शाळेची वाट न बघता पोलिसांना कळवा. नुसती विटंबना असेल तर वर लिहिलेला क्रम बरोबर आहे.

निशिगंध

दोघांचे आभार. हा क्रम जसाच्या तसा उतरवून घेतला आहे.